पेटी माशीची, हात नाना धंद्यांचे

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'मधमाशीपालन : एक किफायतशीर जोडधंदा' हा विषय सुचवला होता. मी त्यांना तेव्हाच सांगितले, की नफ्यातोट्याचा हिशोब मांडायला मी योग्य माणूस नव्हे. माझी सारी नोकरी खडू आणि फळ्यात गेली. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. घरची अडीच एकर जमीन धाकटा भाऊ बघतो, बांधावरच्या सहा पेट्या मी बघतो. मध निघतो तो घरात, लेकीच्या सासरी आणि खोकला झालेल्या शेजाऱ्यांत संपतो. तरीही सकाळी चहाच्या आधी माझे पाय पेट्यांकडे वळतात. याला कोणी छंद म्हणेल, कोणी नाद म्हणेल. आमच्या घरात याला खूळ म्हणतात.

तेव्हा आज मी या खुळाविषयीच बोलणार आहे. हे खूळ कोणाकोणाला लागते, ती माणसे दिवसभर पोटासाठी काय करतात आणि तुमच्या कांद्याच्या बियाण्याशी, तुमच्या काकडी-भोपळ्याशी त्यांचा काय संबंध येतो, एवढेच सांगायचे आहे.

आमच्या तालुक्यात आम्ही चौदा जण आहोत. संस्था नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणाच्या तरी ओसरीवर जमतो. चौदांपैकी पूर्णवेळ शेती करणारे तिघेच. बाकीच्यांत एक शिंपी, एक सोनार, एक सुतार, एस.टी.चा एक कंडक्टर, वीज कंपनीतला वायरमन, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एक सिस्टरबाई, एक पोस्टमन, एक किराणा दुकानदार, गावचा कोतवाल आणि आम्ही दोन शिक्षक. एरवी ही माणसे एका ओसरीवर बसण्याचे काही कारण नाही. कंडक्टर आणि सोनार यांची तर ओळखही झाली नसती. पण माशीने सगळ्यांना एकत्र आणले.

सुरुवातीला मला वाटायचे, की माणूस आपला धंदा घरी ठेवून छंदाला येतो. तसे होत नाही. तो आपला धंदा बरोबर घेऊनच येतो.

आमच्या शिंप्याचे उदाहरण घ्या. मी पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा डोक्यावर टोपी आणि वर मच्छरदाणीचा तुकडा टाकला होता. गळ्यापाशी फट राहिली आणि चार माश्या आत शिरल्या. त्यानंतर तीन दिवस मुलांना मी सुजलेल्या तोंडाने शिकवले. पहिल्या बैठकीत शिंप्याने तो माझा बुरखा हातात घेतला, उलटापालटा केला आणि हसून बाजूला ठेवला. पुढच्या रविवारी त्याने नवा शिवून आणला. गळ्यापाशी नेफा आणि नाडी, नाडी काखेखालून मागे बांधायची. कापड पांढरे सुती, कारण गडद रंगावर आणि लोकरीवर माशी चटकन चिडते. तोंडासमोरची जाळी मात्र काळी. मी विचारले, काळी का? तो म्हणाला, "गुरुजी, पांढऱ्या जाळीवर ऊन चमकतं. आतून काही दिसत नाही. काळ्या जाळीतून नजर आरपार जाते." प्रकाशाचे परावर्तन मी वर्षानुवर्षे शिकवत होतो, पण जाळीचा रंग त्याला सुचला.

सोनाराचे काम याहून नाजूक. पेटीतली राणीमाशी म्हातारी झाली, अंडी घालीनाशी झाली, की सारी वसाहत खंगते. नवी राणी तयार करायची एक रीत आहे. कामकरी माशीच्या घरातली एक दिवसाच्या आतली अळी उचलून मेणाच्या वाटीत ठेवायची आणि ती वाटी राणी नसलेल्या वसाहतीत द्यायची. माश्या त्या अळीला राजान्न भरवतात आणि तिची राणी होते. अळी तीच, खाणे वेगळे. आता ही अळी किती मोठी? लिहिताना आपण स्वल्पविराम देतो ना, तेवढी. ती उलटता कामा नये, सुकता कामा नये, तिला धक्का लागता कामा नये. मी सात वेळा केले आणि सातही अळ्या मेल्या. सोनाराने डोळ्याला भिंग लावले, चांदीच्या तारेचे टोक ठोकून कोरणीसारखे चपटे केले आणि पहिल्याच दिवशी पाचांपैकी तीन अळ्या माश्यांनी स्वीकारल्या. आयुष्यभर नथीत मोती बसवलेला हात तो. आज आमच्या चौदा जणांपैकी निम्म्यांच्या पेट्यांत त्याने तयार केलेल्या राण्या किंवा त्यांच्या लेकी आहेत.

कंडक्टरची गंमत वेगळी. त्याच्या दोनच पेट्या. पण तिकिटांच्या पिशवीत त्याची एक छोटी वही असते. कोणत्या फाट्यावरचा शेवगा फुलला, कुठल्या ओढ्याकाठी जांभूळ मोहरली, डोंगराकडच्या वाडीत कारळा केव्हा पिवळा झाला, करंज कधी, चिंच कधी, सारे तारखेनिशी टिपलेले. रोज एकाच रस्त्याने जाणारा माणूस खिडकीतून एवढे पाहू शकतो, हे मला त्याने दाखवले. पेट्या कुठे, केव्हा हलवायच्या हे आम्ही आता त्याच्या वहीवरून ठरवतो. फुलोऱ्याचे असे स्थानिक वेळापत्रक कुठल्याही पुस्तकात छापलेले मिळत नाही, आणि मिळाले तरी ते आपल्या शिवाराचे नसते.

वायरमनला तर लोक फोन करूनच बोलावतात. जुन्या मीटरच्या पेटीत, भिंतीच्या पोकळीत सातेरी माशी येऊन बसली, की पूर्वी माणसे रॉकेलचा बोळा पेटवून तिथे धरायची. आता वायरमन वीज बंद करतो, धूर देतो, पोळे कापून चौकटीला बांधतो आणि अंधार पडल्यावर वसाहत पेटीतून घेऊन जातो. आग्या माशीच्या वाटेला मात्र तो जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका. ती उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते, ती पेटीत राहत नाही आणि चिडली तर जिवावर बेतते.

आणि सिस्टरबाई. त्या आमच्यात आल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच बैठकीत आम्हा सगळ्यांची हजेरी घेतली. माशी चावल्यावर काय करता, असे एकेकाला विचारले. कोणी हळद सांगितली, कोणी चुना, कोणी लोखंड घासायचे सांगितले. त्या म्हणाल्या, आधी नांगी काढा. माशीची नांगी कातडीत अडकून राहते आणि तिच्याबरोबरची विषाची पिशवी आणखी काही वेळ विष सोडत राहते. म्हणून नखाने खरवडून, जमेल तितक्या लवकर ती काढायची. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती आज तुम्हीही लक्षात ठेवा. चावल्या जागी सूज येणे वेगळे. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नका. सरळ दवाखाना गाठा. अशा माणसाने पुन्हा पेटीजवळ जाण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आमच्या कोतवालाच्या मुलाला असा त्रास झाला होता. सिस्टरबाईंचे बोलणे कानात होते म्हणून कोतवालाने वेळ घालवला नाही आणि मुलगा वाचला. कोतवालाने पेट्या काढल्या नाहीत, पण घरामागून उचलून मळ्यात नेल्या.

हे सारे आमच्याच तालुक्यात झाले असते तर मी एवढे बोललो नसतो. पण पुढे वाचन वाढले तसे ध्यानात आले, की ज्या पेटीला आपण 'आधुनिक मधपेटी' म्हणतो तिचा जवळजवळ प्रत्येक भाग अशाच कोणीतरी दिला आहे, ज्याचे पोट दुसऱ्याच कामावर भरत होते.

आधी पेटीच घ्या. पूर्वी युरोप-अमेरिकेत माश्या गवताच्या टोपल्यांत किंवा साध्या खोक्यांत पाळत. पोळी भिंतींना चिकटलेली असत. मध हवा तर पोळी कापावी लागत आणि पुष्कळदा वसाहतच मारावी लागे. अमेरिकेतील लॅंगस्ट्रॉथ हे चर्चमधले धर्मोपदेशक. काही काळ मुलींची शाळाही त्यांनी चालवली. त्यांना अधूनमधून मनाच्या आजाराचे झटके येत आणि आठवडेच्या आठवडे काही सुचत नसे. माश्यांत मन रमते म्हणून त्यांनी पेट्या ठेवल्या. १८५१ मध्ये त्यांच्या लक्षात आले, की दोन वस्तूंमध्ये साधारण सहा ते नऊ मिलिमीटर फट ठेवली तर माश्या ती फट बुजवीत नाहीत, येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. याहून कमी असेल तर रोगणाने लिंपतात, जास्त असेल तर तिथे पोळे बांधतात. एवढ्या एका निरीक्षणावर सुटी, उचलता येणारी चौकट तयार झाली. आपली सातेरी त्या माशीपेक्षा लहान, म्हणून तिच्या पेटीत फट थोडी कमी ठेवतात, पण तत्त्व तेच.

लॅंगस्ट्रॉथ यांच्या पेट्या घडवणारा कारागीर वेगळाच होता. फिलाडेल्फियातल्या, कपाटे-टेबले बनवणाऱ्या एका कारागिराला माश्यांचाच नाद होता. त्याने त्यांच्या पेट्या घडवल्या. १८५२ मध्ये पेटंट मिळाले, पण लोकांनी पेटीची बिनदिक्कत नक्कल केली आणि धर्मोपदेशकांच्या हाती फारसे काही लागले नाही. १८९५ मध्ये चर्चमध्ये प्रवचनाला उभे असतानाच त्यांचा अंत झाला. म्हणजे शेवटच्या दिवशीही ते प्रवचनालाच उभे होते. जग मात्र त्यांना पेटीमुळे ओळखते.

चौकटीत आपण मेणपत्रा लावतो. तो १८५७ मध्ये जर्मनीतल्या मेरिंग नावाच्या सुताराने लाकडी साचा करून पहिल्यांदा छापला. मध काढायचे फिरते यंत्र १८६५ मध्ये ह्रुश्का यांनी दाखवले. ते ऑस्ट्रियाच्या सैन्यातले मेजर. त्यांच्या मुलाने पोळ्याचा तुकडा ठेवलेले भांडे दोरीने गरगर फिरवले, मध बाहेर उडाला आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, या यंत्रामुळे पोळे न मोडता मध निघू लागला आणि तेच पोळे माश्यांना परत देता येऊ लागले. नर माशी बिनफळलेल्या अंड्यातून जन्मते, हे १८४५ मध्ये मांडले ते झिएर्झोन यांनी. ते सिलेशिया प्रांतातल्या एका खेड्याचे कॅथलिक धर्मगुरू. वाटाण्यावरच्या प्रयोगांमुळे ज्या मेंडेलचे नाव तुम्ही सर्वांनी ऐकले आहे, तेही ब्रनो येथील मठात माश्या पाळत. वाटाण्यासारखा माश्यांचाही संकर करून पाहावा म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली. पण राणी उंच हवेत जाऊन नरांशी मिलन करते, तिथे वाटाण्यासारखी चिमट्याने फुले उघडून भागत नाही. ते काम त्यांना साधले नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो एक नोकर. स्वित्झर्लंडमध्ये ह्यूबर नावाचे विद्वान होते. तरुणपणीच त्यांची दृष्टी गेली. माश्यांविषयी प्रश्न त्यांच्या डोक्यात, पण पाहायला डोळे नाहीत. त्यांच्या घरात बुर्नेन्स नावाचा गडी कामाला होता. त्याने डोळे दिले. ह्यूबर विचारायचे, बुर्नेन्स पाहून सांगायचा. एकदा कामकरी माश्यांपैकी अंडी घालणारी कोण हे शोधायचे होते. बुर्नेन्सने दोन पेट्यांतली एक-एक माशी हातात धरून तपासली. अकरा दिवस हे काम चालले. बुरखा नव्हता, हातमोजे नव्हते. ह्यूबर यांचा ग्रंथ १७९२ मध्ये निघाला आणि त्यातले कितीतरी आजही खरे ठरते. आपण गड्याला काय कामे सांगतो आणि त्याच्या डोळ्यांत, हातांत काय आहे हे कधी पाहतो का, असा प्रश्न मला तेव्हापासून पडतो.

एक शिक्षकही सांगतो, माझ्या जातभाईंचा मान म्हणून. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात चार्ल्स टर्नर हे कृष्णवर्णीय गृहस्थ हायस्कुलात शिकवत. पीएच.डी. होते, पण काम मिळाले ते हायस्कुलात. तिथे धड प्रयोगशाळा नव्हती. ते शाळेबाहेरच्या वेळात बागेत जाऊन रंगीत चकत्या आणि डब्या मांडून माश्यांची परीक्षा घेत. माशीला रंग कळतात, हे दाखवणारे त्यांचे प्रयोग १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडच्या इव्हा क्रेन मूळच्या पदार्थविज्ञानाच्या. १९४२ मध्ये लग्न झाले, युद्धामुळे साखर मोजून मिळत होती, म्हणून आहेरात कोणी माश्यांची भरलेली पेटी दिली. त्या पेटीने बाईंचा मार्गच बदलला. १९४९ मध्ये त्यांनी मधमाशी संशोधनाची संस्था काढली आणि पुढे साठाहून अधिक देश हिंडून माहिती गोळा केली.

आणि थोडे विषयांतर करतो, कारण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अमेरिकेतच रूट नावाचे दागिने बनवणारे कारखानदार होते. १८६५ मध्ये डोक्यावरून एक थवा गेला. कामगाराने तो पकडून दिला आणि रूट माश्यांच्या नादी लागले. पुढे त्यांनी माश्यांचे मासिक काढले. १९०४ मध्ये राइट बंधूंचे विमान हवेत पूर्ण फेरी मारून परत आले, ते पाहायला हे गृहस्थ हजर होते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली ती हकिगत १९०५ च्या जानेवारीत आपल्या मधमाशीच्या मासिकात छापली. विमानाचे हे प्रत्यक्षदर्शी वर्णन जगाने वाचले ते माश्यांच्या मासिकात! तेव्हा शेतीच्या मासिकांना कोणी कमी लेखू नये, एवढेच म्हणतो.

आपल्या देशातही तेच. १८८० नंतरच्या दशकात भारतातील मधमाशीपालनावर इंग्रजीत पुस्तक लिहिले ते टपाल व तार खात्यातल्या डग्लस यांनी. दक्षिणेत त्रिचनापल्लीला न्यूटन नावाच्या धर्मगुरूंनी १९१० नंतरच्या काळात आपल्या सातेरीला मानवेल अशी लहान पेटी बसवली आणि खेड्यातल्या लोकांना ती वापरायला शिकवले. आजही 'न्यूटन पेटी' हे नाव चालते. महाराष्ट्रात महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. शिकायचे असेल तर तिथे जावे. मी शिक्षक असलो तरी या विषयात मी विद्यार्थीच आहे.

आता छंदाची दुसरी बाजूही सांगायला हवी. छंदवाल्याचा भरवसा नसतो. बदली होते, लेकीचे लग्न निघते, गुडघे दुखायला लागतात, आणि पेटी तशीच राहते. दोन महिने कोणी उघडली नाही, की वसाहत कमजोर होते, मेणकिडा पोळ्यांत जाळी विणतो आणि एके दिवशी माश्या निघून जातात. आमच्यातला एक शिक्षक बदलून गेला तेव्हा त्याच्या चारही पेट्या अशाच गेल्या. आम्ही पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी म्हणत राहिलो. शिवाय आमच्या चौदा जणांच्या मिळून साठ-सत्तर पेट्या. त्यांनी तालुक्याचे परागीभवन होत नाही. सूर्यफुलाचे वा कांदा बियाण्याचे मोठे क्षेत्र असेल तर शेकडो पेट्या घेऊन फिरणारे व्यावसायिक मधपाळच बोलवावे लागतात. ते बहुधा मेलिफेरा माशी घेऊन येतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण ते फुलोरा संपला की जातात. शिंपी आणि सोनार बारा महिने तुमच्याच गावात असतात.

आता मुख्य मुद्दा. आमच्या चौदांपैकी बहुतेकांना जमीन नाही, किंवा आहे ती नावापुरती. सातेरी माशी चारा शोधायला साधारण एक किलोमीटरपर्यंत सहज जाते. शाळेतले गणित करू. एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे ३१४ हेक्टर, म्हणजे पावणेआठशे एकर. सोनाराच्या परसात ठेवलेली पेटी पावणेआठशे एकरांवर चरते आणि त्यातला एकही गुंठा सोनाराचा नसतो. ती जमीन तुमची आहे. शेळी कोणाच्या रानात शिरली तर भांडण होते, कारण शेळी दिसते. माशी दिसत नाही, आणि ती खाते त्याहून जास्त देऊन जाते. कांद्याच्या गोंड्यातल्या एका फुलाचा पराग आधी झडतो आणि त्याच फुलाचे स्त्रीकेसर नंतर तयार होते. म्हणून दुसऱ्या फुलाचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो. काकडी-भोपळ्यात नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. कारळ्याला स्वतःचा पराग चालतच नाही. ही आणून देण्याची मजुरी माशी घेत नाही.

आता मी जे सांगणार आहे ते मला आजही जड जाते. १९९८ सालची गोष्ट. माझ्याकडे चार पेट्या होत्या. शेजारच्या मळ्यात अण्णांनी — त्यांना सगळा गाव अण्णाच म्हणतो — कांद्याचे बियाणे धरले होते. फेब्रुवारी महिना, गोंडे पांढरे फुललेले. फुलकिडे दिसले म्हणून त्यांनी सकाळी नऊच्या सुमारास फवारणी केली. मी शाळेत. दुपारी भाऊ सायकलवरून शाळेत आला आणि वर्गाच्या दारात उभा राहिला. मी काही न विचारता निघालो.

पेट्यांच्या दारांसमोर माश्यांचे ढीग होते. काही मेलेल्या, काही जागच्या जागी गिरक्या घेत होत्या. मेलेल्यांच्या सोंडा बाहेर आलेल्या होत्या. विषबाधेची ती खूण असते, हे मी पुस्तकात वाचले होते. आत पोळ्यांवर अळ्या होत्या, पण त्यांना भरवणारे कोणी उरले नव्हते. चारांपैकी तीन वसाहती आठ दिवसांत संपल्या.

मी तसाच बांध ओलांडून अण्णांकडे गेलो. काय बोललो ते इथे सांगत नाही. विद्यार्थ्यांनी ऐकले असते तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या माश्या माझ्या कांद्यावर येतात हे मला कुणी सांगितलं? तुम्ही तीन वर्षं पेट्या ठेवल्यात. एकदा तरी बांधावर येऊन बोललात?"

बोललो नव्हतो. मुलांना परागीभवनाचा धडा दरवर्षी शिकवला, फळ्यावर फुलाची आकृती काढली, पण ज्याच्या फुलांवर माझ्या माश्या जगत होत्या त्या माणसाला एक शब्द सांगितला नव्हता. आणि आठवले, की पेट्यांत काय आहे असे अण्णांनी एकदा विचारले होते तेव्हा मी शाळेची घाई आहे म्हणून टाळले होते.

त्या वर्षी अण्णांचे गोंडे भरले नाहीत. पुष्कळसे बी पोचट निघाले. सारा दोष त्या फवारणीचा होता असे विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी छातीठोक सांगणार नाही, मधले काही दिवस ढगाळ हवाही होती. पण एप्रिलमध्ये बी पाखडताना अण्णांनी मला हाक मारली. सूप माझ्यापुढे धरले, फुंकर मारली आणि उडून गेलेल्या बियांकडे बघत राहिले. दोघेही काही बोललो नाही.

तेव्हापासून आमच्या चौदा जणांत एक रीत पडली. ज्याच्या पेट्या आहेत त्याने दरवर्षी फुलोऱ्याआधी आसपासच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी जाऊन यायचे. चहा घ्यायचा, पेट्या कुठे आहेत ते सांगायचे. पोस्टमनला हे फार सोपे जाते, त्याला सगळी घरे माहीत. बाकीच्यांना पाय मोडावे लागतात.

आणि तुमच्याकडे आमचे मागणे एवढे आहे. पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो फवारणी टाळा. आधी खरोखर गरज आहे का ते पाहा, किडींची संख्या मोजा, कृषी सहायकाला विचारा. करावीच लागली तर दिवस मावळताना करा, माश्या घरी परतल्यावर. औषधाच्या पत्रकावर मधमाश्यांविषयी काय सूचना आहे ती वाचा. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे माशीला फार घातक आहेत. धुरळणीची भुकटी तर परागाबरोबर पायांना चिकटून पेटीत जाते. दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची सवय सोडा. फळबागेत फवारणीआधी खालचे फुललेले तण काढून टाका, म्हणजे माशी तिथे येणार नाही. पंप विहिरीजवळच्या डबक्यात धुऊ नका, माश्या त्याच पाण्यावर येतात. आणि आदल्या दिवशी पेटीवाल्याला निरोप द्या. निरोप मिळाला तर तो रात्री पेटीच्या दाराला जाळी लावून वर ओले गोणपाट टाकू शकतो किंवा रातोरात पेटी हलवू शकतो. दिवसभर उन्हात दार बंद ठेवणे मात्र चालत नाही, आतल्या आत माश्या गुदमरून मरतात. म्हणूनच संध्याकाळची फवारणी आणि आदल्या दिवशीचा निरोप, दोन्ही लागतात.

तुमच्या गावात कोणी शिंपी, कोणी शाळामास्तर पेटी ठेवायला बांधाची जागा मागायला आला, तर त्याला लगेच भाडे विचारू नका. सावलीची, वाऱ्याच्या आडोशाची, पाण्याजवळची चार हात जागा द्या. गुरे बांधता त्या जागेपासून थोडी दूर. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायला सांगा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. तो विसरला असेल तर तुम्हीच पाणी घाला.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. शेती मुलगा बघतो, पण फवारणी कधी करायची ते अजून अण्णाच ठरवतात. १९९९ मध्ये त्यांनी माझ्याकडून एक पेटी मागून नेली. बाभळीखाली ठेवली. आता त्यांच्या तीन आहेत. आमच्या चौदांतल्या तीन शेतकऱ्यांपैकी ते एक. बैठकीला ते येतात तेव्हा कंडक्टरच्या वहीत स्वतःच्या हाताने तारीख लिहितात, कांदा फुलला म्हणून. गेल्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्यांच्या नातवाचा फोन आला. "गुरुजी, आजोबा म्हणतात, उद्या मावळतीला औषध मारायचंय. तुमच्या पेट्यांना जाळी लावा. आणि येताना आमच्याही तीन पेट्यांना लावून द्या, त्यांना आता वाकवत नाही."

मी गोणपाटे भिजत घातली आणि बॅटरी घेऊन निघालो.